आईसकट, भोपळ्यासकट

३ फेब्रुवारी

नमस्कार.

‘प्रिय’ लिहिणार नव्हते, आणि ‘स. न. वि. वि.’ लिहायला तू काही नगरपालिका नाहीस. तेव्हा नुसताच नमस्कार.

फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘हं, हं’ करत राहतोस आणि माझं वाक्य अर्ध्यावर लटकतं. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. चार वर्षांतलं हे पहिलं पत्र, आणि तेही कामाचं.

आपला म्हातारा घरमालक गेला. जिन्यात दिसला की ‘नळ गळतोय का?’ एवढंच विचारायचा, आणि गळतोय म्हटलं तर ‘गळू दे’ म्हणायचा. त्याच्या मुलांनी दीड महिन्यात अख्खी इमारत एका कंपनीला विकून टाकली. कंपनीला भाडेकरू नकोत, पाहुणे हवेत. दोन दिवसांसाठी येणारे, चाकांची बॅग खडखडवत नेणारे, कुलपावर आकडे दाबून आत शिरणारे. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई गेल्यासुद्धा. त्यांच्या खोल्यांत आता दर आठवड्याला नवी माणसं असतात आणि सगळी येऊन आम्हालाच विचारतात, कचरा कुठे टाकायचा.

परवा कंपनीची बाई आली होती. वयानं लहान, बोलायला गोड, हातात फाईल. भाडेकरार तुझ्या नावावर आहे, माझ्या नाही, असं तिनं दाखवलं. वीस वर्षं मी या घरात राहते, त्यातली चार तुझ्याशिवाय, आणि कागदावर मी कोणीच नाही. म्हाताऱ्याला कुणाचं नाव आहे याचं सोयरसुतक नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नाही. आता असं आहे: कराराची अजून तीन वर्षं उरली आहेत. ‘जागा सोडली’ म्हणून तू सही केलीस तर आम्हाला एप्रिलअखेर निघावं लागेल. नाही केलीस तर कंपनीला थांबावं लागेल.

सही करू नकोस अशी विनवणी करायला हे लिहीत नाही. विनवण्या करायचं माझं वय गेलं. फक्त इथे कोण कोण आहे ते कळावं, कारण तू विसरला असशील.

तुझी आई. तू गेल्यावर ‘माझ्या मुलाला घालवलंस’ म्हणून माझ्याशी भांडायला आली होती. सात दिवस भांडली. आठव्या दिवशी तिला तुझ्या दुसऱ्या घराबद्दल कळलं. त्या रात्रीपासून ती मला न विचारता माझं ताट वाढायला लागली. परत गेलीच नाही. शहात्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात, जीभ दुखत नाही.

भोपळ्या. कोटाच्या खिशात घालून तू आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. आता बारा वर्षांचा आहे, मागचे पाय धरलेत, वजन अडतीस किलो.

कारकून. हा तू गेल्यानंतरचा. एका डोळ्याचा बोका. कुठलाही कागद पसरला की त्यावर येऊन बसतो. आत्ताही बसलाय. शाई फासली गेली असेल तर ती त्याची सही समज.

आणि मी. दातांच्या लॅबमध्येच आहे, लोकांच्या कवळ्या घडवते.

कळवलंच पाहिजेस असं नाही. कळवलंस तर बरं.

२४ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मी काही डोळे लावून बसलेली नाही, जागा शोधतेय.

हे घर आपल्याला कसं मिळालं होतं, आठवतं? कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, तिसरा मजला रिकामा आहे. संध्याकाळी गेलो, म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि चावी हातात ठेवली. आता चावीच्या आधी परीक्षा असते. जागा फोनवरच्या ॲपमध्ये उगवते आणि तिथेच मावळते. माझे हात मेणात असतात. कवळीचे दात मेणात बसवताना मधे उठता येत नाही, एक दात जरी वाकडा बसला तर कुणाचा तरी जबडा महिनाभर दुखतो. मी हात धुऊन फोन बघेपर्यंत जागा गेलेली असते.

रविवारी एक बघायला गेले. जिन्यात तीसएक माणसं रांगेत, प्रत्येकाच्या हातात फाईल. माझ्या पुढच्या जोडप्यानं त्यांच्या कुत्र्याचं प्रमाणपत्र आणलं होतं. शिस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेलं, शिक्क्यासकट. आपल्या भोपळ्यानं आयुष्यात एकच शिक्षण पूर्ण केलं, फ्रिज उघडण्याचं.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: पाळीव प्राणी. तिथे ‘हो’ लिहिलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. एकीला मांजर चालत होतं, कुत्रा नाही. एकाला कुत्रा चालत होता, पण दहा किलोच्या आतला. भोपळ्याचं नुसतं डोकं दहा किलोचं असेल. आणि जिथे दोन्ही चालतात, तिथलं भाडं आमच्या दुप्पट.

शेवटी एक एजंट धरला. दोन फोन, दोन्ही एकाच वेळी कानाला. तो घरी आला आणि भोपळ्याकडे बघून म्हणाला, “ताई, स्पष्ट बोलू का? सासूबाई आहेत, तुमची नोकरी आहे, सगळं चांगलं आहे. हा एक नसता तर उद्या जागा देतो.”

आई आतून बाहेर आली. “हा एक म्हणजे?”

“कुत्रा, आजी.”

“तो कुत्रा नाही, मुलगा आहे माझा,” आई म्हणाली. “पहिला निघून गेला, हा राहिला. आता राहिलेल्याला घालवू?”

एजंट कसंनुसं हसला. जाताना जिन्यात त्यानं मला एक कार्ड दिलं. म्हाताऱ्या जनावरांना ठेवून घेतात, म्हणाला, चांगली माणसं आहेत. मी ते कार्ड खाली उतरल्याबरोबर फाडून टाकलं.

आईचं वाक्य तुला मुद्दाम शब्दशः लिहिलं आहे. पुसायला जागा होती, पुसलं नाही.

१३ मार्च

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी.

तू लिहितोस की सही तू एकोणीस जानेवारीलाच केली होतीस. म्हणजे माझं पहिलं पत्र पेटीत पडायच्या पंधरा दिवस आधी. मी इथे ‘सही करू नकोस असं म्हणत नाही’ म्हणून ऐटीत लिहीत होते तेव्हा ती होऊनही गेली होती. कंपनीची बाई माझ्यासमोर फाईल घेऊन बसली, तेव्हा तो कागद त्याच फाईलमध्ये असणार. किती गोड बोलत होती.

‘सगळ्यांना दुसरी जागा देणार आहेत असं मला सांगितलं होतं,’ असं तू लिहिलंयस. तुला सांगितलं आणि तू मानलंस. मला एक फोन करून विचारलं नाहीस. वीस वर्षांहून जास्त ओळखते तुला. तुला खोटं सांगावं लागत नाही, सोयीचं सांगितलं की पुरतं.

आणि मग शेवटची ओळ: ‘आईला मी घेऊन जातो. कुत्र्याचं काहीतरी बघ, तसंही त्याचं वय झालंच आहे.’

पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हते. पण तिनं पाकिटावरचं अक्षर ओळखलं होतं. भिंग घेऊन खिडकीपाशी बसली, सहा ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला. मग म्हणाली, “घेऊन जातो म्हणजे काय? मी कपाट आहे?”

मी म्हटलं, “आई, तुम्हाला जायचं असेल तर जा. मी वाईट वाटून घेणार नाही.”

“वाटून घे ना,” ती म्हणाली. “कुणीतरी घ्यावं.”

एवढं बोलून ती भोपळ्याला औषध द्यायला उठली. औषध चमच्यात घालून त्याच्या गालाच्या खाचेत सोडावं लागतं. ते मला जमत नाही, तिला जमतं.

तर उत्तर असं आहे. आई येणार नाही. कुत्र्याचं काहीतरी बघणार नाही. वय माझंही होतंय, तुझंही होतंय. आम्हाला तिघांना, बोका धरून चौघांना, एकत्र जागा मिळेल, नाहीतर मिळणार नाही. पण आमच्यातला एक कमी करून मिळणारी जागा मी घेणार नाही. हे तुला सांगतेय असं समजू नकोस. स्वतःला बजावतेय, आणि साक्षीला कागद लागतो.

३० मार्च

मागच्या पत्रात मी मोठमोठी वाक्यं लिहिली. आता खरं लिहिते. तुला का लिहिते, ते विचारू नकोस. बहुतेक म्हणूनच, की तुझ्यासमोर लाज वाटून घ्यायचं आता काही उरलेलं नाही.

एजंटानं दिलेलं ते कार्ड मी फाडलं नव्हतं. पर्समध्ये ठेवलं होतं. तुझं पत्र आल्यावर चार दिवसांनी, आईला न सांगता, मी तिथे जाऊन आले. जागा स्वच्छ होती. तिथली बाई साधी, हाताला औषधाचा वास. तिनं फॉर्म काढला आणि त्याच्या सवयी विचारल्या. मी सांगायला लागले. तो पाणी कसं सांडून पितो, आंघोळीच्या नावानं कसा पलंगाखाली शिरतो, आईचा गुडघा दुखायला लागला की तिच्या पायावर डोकं ठेवून कसा बसतो, आणि तिला त्या उबेनं खरंच बरं वाटतं. किती वेळ बोलत होते कोण जाणे. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “बाई, तुम्ही काही त्याला देत नाही. घरी जा.”

मी घरी आले. पण अक्कल आली नाही. दुसऱ्याच दिवशी मी दुसरी चूक केली.

एक जागा मिळत होती. दुसरा मजला, दोन खोल्या, लॅबपासून चालत दहा मिनिटं. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. फॉर्म समोर ठेवला. ‘पाळीव प्राणी’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. बाईंनी हसून विचारलं, “दोघीच?” मी म्हटलं, “दोघीच.” त्यांनी हात मिळवला.

ठरवलं असं की बोक्याला टोपलीतून वर न्यायचं, आणि भोपळ्याला पहाटे आणि रात्री उशिरा, कुणी नसताना जिन्यातून न्यायचं. राहता राहिलं भुंकणं. जिन्यात पाऊल वाजलं की तो भुंकतो, माहीत आहेच तुला. मी त्याला सवय लावायला बसले. तो भुंकला की तोंडावर हात ठेवायचा, घट्ट, आणि डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हणायचं. मारलं नाही. आवाजही चढवला नाही. पहिल्या दिवशी त्यानं मान झटकली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले, कुलूप उघडलं, आणि घरात काही आवाजच नाही. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, गेला. तो टेबलाखाली होता. माझ्याकडे बघून शेपूट हलवलं, पण तोंड पुढच्या पायांत खुपसून ठेवलेलं. आणि मी जवळ वाकले तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. हात येणार असं वाटून.

आई आतल्या दारात उभी होती. म्हणाली, “बघ, शिकला.”

एवढंच म्हणाली. रागावली असती तर मी भांडले असते.

मी ताटावरून उठावं तशी उठले आणि तशीच त्या बाईंकडे गेले. सांगितलं, माझ्याकडे अडतीस किलोचा कुत्रा आहे, एक बोका आहे, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. त्यांनी माझा फॉर्म काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं. पण आता नाही म्हणताना मला जास्त वाईट वाटतंय.” नाही म्हटलंच त्यांनी. चहा विचारला. मी घेतला नाही.

एक महिना उरलाय. जागा नाही. कंपनीची बाई काल खोल्यांची मापं घ्यायला आली, मी तिला दारातच थांबवलं. म्हटलं, तीस एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत हे माझं घर आहे, मापं एक मेला घ्या. ती म्हणाली, पाचच मिनिटं लागतील. मी म्हटलं, मला वीस वर्षं लागली.

आणि भोपळ्या काल पुन्हा भुंकला. तिच्यावरच. मी त्याला काही म्हटलं नाही.

१९ एप्रिल

जागा मिळाली. तुझ्या आईनं मिळवली, म्हणजे खरं तर भोपळ्याच्या मागच्या पायांनी.

त्याला आता एका दमात कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाता येत नाही. सकाळी आई त्याला घेऊन निघते आणि तो बाजाराच्या रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसकण मारतो. मग आईलाही बसावंच लागतं. ती सगळी ओळ बंद पडली आहे. लोक सगळं घरबसल्या मागवतात. घरांची हॉटेलं झाली आणि दुकानांत कोळ्यांच्या जाळ्यांनी घरं केली. हे दुकान चष्म्याचं होतं. चष्मेवाले गृहस्थ अजून रोज सकाळी दहाला येऊन शटर अर्धं वर करतात, तासभर आत बसतात आणि जातात. पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, “काही हवंय का?” आई म्हणाली, “पाणी. मला नको, याला.”

दोन आठवडे तिचं हे चाललं होतं, मला पत्ता नाही. पाणी, मग गप्पा, मग तिनं त्यांच्याकडून नवा चष्मासुद्धा करून घेतला, जुन्या मालातल्या फ्रेमचा. आणि एके दिवशी त्यांना थेट विचारलं, “ही जागा नुसती कुजवत का ठेवलीय?”

ते म्हणाले, दुकान कुणी घेत नाही. आई म्हणाली, “मग घर म्हणून द्या. आता परवानगी मिळते म्हणे.” ते तिला कुठून कळलं विचारशील, तर आमच्या ॲपवर ती दिवसभर सगळं वाचते आणि कुणाला सांगत नाही.

मी बघायला गेले. पुढे मोठी काच, मागे एक खोली, मोरी, वर माळा. भिंतीला काचेची कपाटं आणि अक्षरांचा तो तक्ता, वरचं अक्षर मोठं, खालची बारीक होत गेलेली. आणि मुख्य म्हणजे तळमजला. दारात एकच पायरी. भोपळ्या माझ्याआधी आत गेला आणि मधोमध आडवा झाला.

चष्मेवाल्यांच्या कपाळावर एक चष्मा असतो आणि नाकावर दुसरा. माझ्याकडे त्यांनी दोन्हींतून पाहिलं.

“कुत्र्याचं मला काही नाही,” ते म्हणाले. “भुंकतो का?”

मी म्हटलं, “भुंकतो.”

“भुंकू दे. इथे ऐकायला कोण आहे? माझी एकच अट. मी चाळीस वर्षं रोज दहाला इथे येतोय. तासभर त्या खुर्चीत बसेन. कुणाला त्रास देणार नाही.”

मला जागा हवी होती. अकरा दिवस उरले होते. आई माझ्याकडे बघत होती. दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं, आणि मीही दातांच्या कण्या करून थकलेली होते.

मी म्हटलं, “नाही.”

“नाही?”

“दुकान असतं तर तुम्ही कधीही आला असतात. घर झालं की ते माझं. तुम्ही यायचं, दार वाजवायचं, आणि आत या म्हटलं तर आत यायचं. एखाद्या दिवशी म्हणणार नाही. तुमची चावी मला द्यायची, दुसरी तुमच्याकडे ठेवायची नाही. हे पटत नसेल तर आम्ही उठतो.” भोपळ्या अर्थातच उठला नाही.

ते खुर्चीत बसले. कपाळावरचा चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. मला वाटलं, घालवली मी जागा. आईचं तोंडही उतरलं होतं. मग ते म्हणाले, “बायको गेल्यापासून मी कुठल्याच दारावर टकटक केलेली नाही.” खिशातून जुडगा काढला, दोन चाव्या सोडवल्या आणि दोन्ही काउंटरवर ठेवल्या. “आठवड्यातून किती वेळा या म्हणाल?”

“बघू,” मी म्हटलं.

आईनं मागून सांगितलं, “रोज. दहाला चहा असतोच.”

करारावर दोन नावं घातली, तुझ्या आईचं आणि माझं. आईनं सही करायला फार वेळ लावला. म्हणाली, भाड्याच्या का होईना, घराच्या कागदावर ही माझी पहिलीच सही. आधी वडिलांचं घर, मग नवऱ्याचं, मग तुझं. हे मला माहीत नव्हतं. तुला तरी माहीत होतं का?

२५ मे

त्या दिवशी तुला गाडीत बसवलं नाही, त्याबद्दल लिहायचं राहिलंय. माफी मागत नाही. काय झालं ते माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते.

अठ्ठावीस एप्रिलला तू न कळवता आलास. कंपनीनं दुरुस्तीच्या नावाखाली लिफ्ट बंद केली होती. सामान खाली गेलं होतं, वर फक्त आई, कारकुनाची टोपली आणि भोपळ्या. तीन मजले त्याला उतरवायचं कसं, याच विवंचनेत आम्ही होतो. लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा प्रयत्न करून थकला होता. कुणी अनोळखी उचललं की तो अंग जड करतो.

मग जिन्यात पाऊल वाजलं. तो भुंकला नाही. उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय घसरले, तरी घसटत दारापर्यंत गेला. तू वर यायच्या आधी त्यानं तुला ओळखलं होतं. चार वर्षांनी. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. तू तिथेच पायरीवर बसलास आणि तो तुझ्या मांडीत सगळाच्या सगळा शिरला. मी स्वयंपाकघरात गेले. रिकाम्या स्वयंपाकघरात काही काम नव्हतं. हे तुला कळलं असेलच.

तू आईला म्हणालास, “चल ना आई, माझ्याकडे.”

“तुझ्याकडे कुत्रा चालतो?”

“नाही, तिथे परवानगी नाही.”

“मग मला कुठे बोलावतोस,” आई म्हणाली, आणि टोपली उचलली.

तू भोपळ्याला उचलून खाली आणलंस. प्रत्येक मजल्यावर थांबलास. मी मागून येत होते. तुझ्या मानेवरचे केस पांढरे झालेत, शर्टाचं एक बटण नव्हतं, आणि दुसऱ्या मजल्यावर तुझे हात थरथरायला लागले, तरी खाली ठेवलं नाहीस. हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी कधीही म्हणणार नाही. खाली गाडीत त्याला ठेवून तू म्हणालास, “मीही येऊ का? सामान लावायला.”

मी नाही म्हटलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं. आईनं खिडकीतून तुला सांगितलं, “कंबर शेकून घे.” वळण येईपर्यंत ती पुढेच बघत होती. वळणानंतर डोळे पुसले, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता तुझं पत्र. लॅबच्या पत्त्यावर आलेलं, चार पानांचं. एवढं तू लग्नाआधीसुद्धा लिहिलं नव्हतंस. पहिली तीन पानं मी दोनदा वाचली. त्यातलं बरंचसं खरं आहे असं मला वाटतं. त्यावर आज काही लिहिणार नाही.

चौथ्या पानाबद्दल लिहिते. तुमचीही इमारत विकली गेली. जिच्यासाठी गेलास ती दीड वर्षापूर्वीच निघून गेली होती, हे मला आत्ता कळतंय. जुलैअखेर तुला बाहेर पडायचं आहे, जागा मिळत नाही, आणि मागच्या खोलीत किंवा माळ्यावर ‘काही दिवस’ सोय होईल का, असं तू विचारलंयस. सामान लावायला येतो म्हणालास, त्या दिवशी हे तुझ्या मनात होतं की नव्हतं, मला माहीत नाही. नव्हतं असं धरून चालते.

माझं वाईट मन म्हणालं, बरं झालं. तेही लिहून टाकते. पण ते दोनच दिवस टिकलं. त्या जिन्यातल्या रांगा मी पाहिल्या आहेत, त्यात तू फाईल घेऊन उभा आहेस हे डोळ्यांसमोर आलं की मला आनंद होत नाही.

तेव्हा ऐक. ॲप सकाळी सातला बघायचं, तेव्हा नव्या जागा टाकतात. एजंटाला दोन फोन असतील तर त्याच्या नादी लागू नकोस. बंद दुकानांच्या ओळीतून चालत जा, पाट्यांवरचे नंबर जुने असतात, समोर बसून राहिलेल्या माणसाला विचार. फॉर्मवर खोटं लिहू नकोस. आणि करारावर नाव कुणाचं आहे ते आधी वाच.

माळा मिळणार नाही. काही दिवसही नाही. माळ्यावर मी माझं टेबल मांडलंय. आता घरीसुद्धा थोडी कामं घेते, म्हाताऱ्या लोकांच्या तुटलेल्या कवळ्या जोडते. वर उजेड चांगला येतो. तिथे दुसऱ्या कुणाची गादी पसरलेली मला नको आहे. मी कठोर आहे असं तुला वाटलं तर वाटू दे. मऊ होते तेव्हाचा अनुभव आपल्या दोघांनाही आहे.

भेटायला मात्र ये. रविवारी चारनंतर. भोपळ्याला आता उभं राहायलाही त्रास होतो, डॉक्टर म्हणतात पावसाळ्यापर्यंत काढेल, कदाचित पुढेही. तुला पाहून तो जे करतो ते माझ्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नाही. दहाला येणारे चष्मेवाले कधीकधी चारलाही असतात. त्यांच्याशी नीट बोल. पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

हे लिहून होईपर्यंत आई समोर बसली होती. म्हणाली, “शेवटी काय लिहिलंस?”

“ये म्हणून लिहिलंय.”

“आणि राहा म्हणून?”

“नाही.”

आईनं नवा चष्मा नाकावर नीट बसवला. मग “बरं केलंस,” म्हणाली आणि पाकीट चिकटवायला हात पुढे केला.